उजवा डोळा अजून बाकी आहे

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा डोळा. ऑपरेशन एक नंबर झालं, त्याबद्दल ब्र काढणार नाही. घोळ पुढे झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आईने आधी मला बघितलं, "अरे किती पिकलंय डोकं तुझं" म्हणाली, आणि मग बिल बघितलं.

"ग्लोव्हज १४ जोड? एका डोळ्याला? आत काय पंगत बसली होती?"

मी दबक्या आवाजात म्हटलं, आई जाऊ दे, उजवा बाकी आहे, परत यांच्याच हातात द्यायचाय. तर म्हणते तू विचारून ये, मी बसते इथे.

गेलो. बिलिंगवाली ताई म्हणाली सिस्टीममधूनच येतं सर. मग फार्मसी, फार्मसीने ओटीला ढकललं, ओटीने ॲडमिन सरांकडे, आणि ॲडमिन सर राउंडला. (डॉक्टर नसलेला माणूस कसला राउंड घेतो?)

परत येऊन बघतो तर आई काळा गॉगल लावून फिश टँकच्या मागे घुसलेली. तिथे रुग्ण हक्क सनदेचा बोर्ड होता. २०२१ पासून राज्यातल्या प्रत्येक खाजगी हॉस्पिटलला तो लावावा लागतो, सोबत दरपत्रक पण, फक्त मासे बाजूला करून वाचायचं असतं. आई पोथी वाचावी तशी मोठ्याने वाचत होती, तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क, औषधं कुठल्याही दुकानातून घेण्याचा हक्क... आणि अख्खी ओपीडी ऐकतेय. खाली तक्रारीचा टोल फ्री नंबर, पण शेवटच्या दोन आकड्यांवर मोफत शिबिराचं स्टिकर!

मग काय, महापालिकेचा आरोग्य विभाग. मी दीड पानी अर्ज नेला होता, सुरुवात "आज आपल्या देशात सामान्य माणूस" अशी. तिथल्या क्लार्कभाऊंनी पेन काढलं आणि देश, सामान्य माणूस दोन्ही खोडले. म्हणाले, साहेब, बिल नंबर, तारीख, कशाचे किती जास्त लावले आणि तुम्हाला काय पाहिजे एवढंच लिहा, बिलाची झेरॉक्स जोडा, दोन प्रती आणा, एकीवर पोच घ्या, आणि पोच जपून ठेवा, अर्ज हरवतात. सात ओळींत बसलं सगळं, माझी दीड पानांची मेहनत वाया. त्या माणसाला खरंतर पेढे द्यायला हवे होते.

पाचव्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन, सर टायपिंग मिस्टेक होती, ४ चे १४ झाले, पैसे घेऊन जा. आईने माझ्याआधी चप्पल घातली. पैसे मोजून घेतले, तेही डाव्या डोळ्याने, उजवा झाकून.

आता उजव्या डोळ्याची तारीख मागायला मी दर सोमवारी फोन करतोय. ताई फार प्रेमाने म्हणते, "काकूंना एका डोळ्याने नीट दिसतंय ना सर? मग एवढी काय घाई आहे?"