एन स्केलच्या काँक्रीट भिंतीबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. मॉडेल रेल्वेच्या एन स्केलसाठी (खऱ्याच्या १:१६० मापात) बनवलेल्या आमच्या काँक्रीटसारख्या दिसणाऱ्या भिंतीला दोन तारे देताना तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत: भिंत हाताला आणि डोळ्यांना पॉलिश पेपरसारखी खरखरीत वाटते, रंग राखाडी नसून पिवळट आहे, आणि पांढरे ओघळ रंग सांडल्यासारखे दिसतात. तुमचे फोटो मी मोठे करून, भिंतीचा आमच्याकडचा दुसरा नग शेजारी ठेवून पाहिले.

खरखरीतपणाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. एचओ या मोठ्या, १:८७ मापाच्या भिंतीसाठी केलेला पोत आम्ही १:१६० ला तसाच वापरला, तो वापरायला नको होता. अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात ८ सेंटिमीटरचा धोंडा होतो. खरी २० मिलिमीटरची खडी इथे पाव मिलिमीटरच्याही निम्मी भरते, आणि तीसुद्धा सिमेंटच्या थराखाली झाकलेली असते. एन स्केलला भिंत गुळगुळीतच हवी, जुनेपणा रंगाने आणायचा. नवा साचा आता काचेवर ओतलेल्या प्लास्टरवरून घेतला आहे. त्यावर शटरिंगच्या फळ्यांच्या खुणा साधारण एक-एक मिलिमीटरवर, सुईने हलक्या कोरल्या आहेत. नखाला जेमतेम लागतात, पण तिरका उजेड पडला की लगेच दिसतात.

रंगाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. नुसता काळा-पांढरा मिसळला की राखाडी निळसर होतो आणि भिंत प्लास्टिकची वाटते. उन्हापावसात वरचा सिमेंटचा पापुद्रा झिजतो, आतल्या वाळूचा रंग वर येतो, शिवाय रुळांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ बसते. तो पिवळसरपणा आम्ही मुद्दाम ठेवतो. तुमच्या फोटोंत दिवाही पिवळा वाटतो, त्यामुळे एकदा दिवसाच्या उजेडात भिंत बघा, ही विनंती.

आता ओघळ. झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना बाहेर आणतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा पांढरा थर जमतो. म्हणून असा ओघळ सांध्यातून, भेगेतून नाहीतर पाणी जाण्याच्या भोकातूनच सुटायला हवा. तुमच्या तिसऱ्या फोटोत डावीकडून दुसरा ओघळ कोऱ्या भिंतीच्या मधोमध सुरू होतो. वर ना सांधा, ना भोक. हे पाहून मला फार वाईट वाटलं, कारण नेमकं हेच आम्ही शिकणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगतो. ही चूक आमची आहे.

नव्या साच्यातली भिंत आमच्या खर्चाने पाठवतो, जुनी परत करू नका. फक्त ऑर्डर क्रमांक कळवा. जुनी भिंत लेआउटवर, म्हणजे तुमच्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर ठेवणार असाल, तर तो एक ओघळ किंचित ओल्या कापसाच्या काडीने पुसून काढा. तो पिगमेंट पावडरचा (रंगाच्या कोरड्या भुकटीचा) आहे, निघेल. वरून वार्निश मारू नका, नाहीतर बाकीचे बरोबर जमलेले ओघळही फिके पडून जवळपास दिसेनासे होतील.