पडायला कोण शिकवते?

उस्मानपुऱ्यातल्या त्या नव्या जिम्नॅस्टिक्स अकादमीच्या फलकाविषयी आता कुणाला वेगळे सांगायला नको, कारण रिक्षांच्या पाठीवरही तो झळकू लागला आहे. रविवारी सकाळी आमच्या कट्ट्यावर हा विषय निघणार होताच. तो काढला दिलीपराव देशमुखांनी, आणि दिलीपराव विषय काढतात तेव्हा त्यांचा निर्णय आधीच झालेला असतो, आपण केवळ अनुमोदनासाठी जमलेले असतो. त्यांच्या सात वर्षांच्या कन्येने दिवाणावर कोलांटउडी मारलेली पाहिल्यापासून ती ऑलिंपिकला जाणार हे त्यांच्या मनात पक्के झाले होते. कोणत्या वर्षीच्या, एवढाच तपशील उरला होता आणि तोही त्यांनी बसल्याबसल्या भरून टाकला.

"२०३६ साली ती अठरा वर्षांची असेल, आणि ती ऑलिंपिक आपल्या देशाला मिळाली तर विमानाच्या तिकिटाचाही प्रश्न उरणार नाही."

"सध्या तिची कोलांटउडी कशी उतरते?" शुभदाताईंनी विचारले. शुभदाताई फिजिओथेरपिस्ट आहेत आणि त्यांचे प्रश्न दिसायला निरुपद्रवी असतात.

"डोक्यावर उतरते, पण जिद्द पाहण्यासारखी आहे."

यानंतर दिलीपरावांनी फलकावरील सोयींची यादी जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवली. स्पंजाच्या तुकड्यांनी भरलेला फोम पिट आहे, वातानुकूलित दालन आहे, पालकांसाठी कॉफीचे यंत्र आहे, आणि प्रशिक्षकांकडे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. "यांपैकी पहिली गोष्ट मुलीसाठी आहे," शुभदाताई म्हणाल्या, "दुसरी आणि तिसरी तुमच्यासाठी आहे, आणि चौथी कुणासाठी आहे हे ते प्रमाणपत्र किती दिवसांच्या अभ्यासाचे आहे ते विचारल्याशिवाय कळणार नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका वेगळी आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचा कागद वेगळा. भिंतीवर लावल्यावर दोन्हींच्या चौकटी सारख्याच चकाकतात."

वाघमारे सर इतका वेळ गप्प होते, ही गोष्ट काळजी करण्यासारखी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शारीरिक शिक्षण शिकवलेले सर मल्लखांबाचे कट्टर अभिमानी आहेत आणि जगातील कोणत्याही व्यायामप्रकाराची चर्चा एरंडेल लावलेल्या खांबापर्यंत आणून सोडण्याची त्यांची हातोटी सर्वश्रुत आहे. त्यांनी खांबाचा उल्लेख करून घेतलाच. पण त्यानंतर त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली, जी मला त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात सर्वांत उपयोगाची वाटली. "जिममध्ये शिरल्यावर चषकांच्या कपाटाकडे पाहू नका, तोल सांभाळत चालायच्या अरुंद तुळईकडे, म्हणजे बीमकडे पाहा. स्पर्धेचा बीम दहा सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असतो. तेवढाच एक बीम मध्यभागी मांडलेला असेल, तर तो फोटोसाठी आहे असे समजा. ज्यांना शिकवायचे असते ते आधी जमिनीवर पट्टी आखतात, मग जमिनीलगतचा बीम आणतात, मग गुडघ्याइतका उंच, आणि या सगळ्यांवर पाय रुळला की मुलाला वर चढवतात. मॅटच्या कडा फाटल्या आहेत का आणि दोन मॅटमध्ये फट आहे का, तेही वाकून पाहा. घोटा त्याच फटीत मुरगळतो."

"आणि पहिल्या महिन्यात काय शिकवतात ते विचारा," शुभदाताईंनी तो धागा पुढे नेला. "पडायला शिकवतात, असे उत्तर आले तर थांबा, मागचा फ्लिप शिकवतो, असे उत्तर आले तर चप्पल घाला. मागे पडताना मूल स्वाभाविकपणे हात ताठ मागे टेकवते आणि सगळे वजन त्या एका कोपरावर येते. हात पोटाशी घेऊन पाठीवर गोल कसे व्हायचे, हे शंभरदा करून घ्यावे लागते, आणि ते करून घेणे कंटाळवाणे असते, त्याचा व्हिडिओही चांगला निघत नाही."

दिलीपरावांना हा सगळा सूर पराभूत मनोवृत्तीचा वाटला. त्यांनी थेट दीपा कर्माकरचा दाखला दिला. आगरतळ्यात धड साधने नव्हती, जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून स्प्रिंगबोर्ड बनवावे लागले, आणि तरीही २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट या उडीच्या प्रकारात ती चौथी आली, कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले. तेव्हा सुरक्षितता आणि मॅटच्या कडा ही सगळी श्रीमंतांची कौतुके आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले. आपण दोन मिनिटांपूर्वी कॉफीच्या यंत्राची बाजू घेत होतो हे त्यांच्या गावीही नव्हते.

"त्या स्कूटरच्या मागे तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी उभे होते," शुभदाताई म्हणाल्या. "तिचे तळवे सपाट होते, जे उडी मारून उतरणाऱ्यासाठी फार अडचणीचे असते, आणि त्यावर वर्षानुवर्षे मेहनत घेतली तेव्हा कुठे ती प्रोदुनोव्हा या अतिशय अवघड उडीपर्यंत पोहोचली. तुम्ही गोष्टीतली स्कूटर तेवढी लक्षात ठेवलीत, दिलीपराव, आणि गुरू विसरलात."

इम्रानभाईंनी या वेळी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांच्या थोरल्या मुलीने राज्य स्पर्धांपर्यंत मजल मारली आणि तेराव्या वर्षी मनगटाच्या दुखण्याने खेळ सोडला, हे कट्ट्यावर सर्वांना ठाऊक आहे आणि म्हणूनच त्याविषयी कुणी बोलत नाही. ते स्वतःच बोलले. आठवड्याला पंधरा-वीस तासांचा सराव, वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेवर रोज पडणारा शरीराचा भार, आणि दुखते असे म्हटले की 'स्पर्धेनंतर पाहू' हे ठरलेले उत्तर. "मुलगी खेळली याचे मला दुःख नाही, ती आनंदाने खेळली. पण ती एकदा म्हणाली होती की मला स्पर्धा नको, मला छोट्या मुलांबरोबर नुसते येऊ द्या. आणि तिथे परतीची वाटच नव्हती. हौशी बॅचमधून स्पर्धेच्या बॅचमध्ये नेणारे सगळीकडे भेटतात. उलट दिशेने येणाऱ्या मुलाला जिथे कमीपणा वाटू देत नाहीत, ती जिम चांगली, असे आता मला वाटते."

त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक व्यवहारी होते. त्यांचा धाकटा मुलगा केवळ मजेसाठी जातो, आणि तो जाऊ लागल्यावर त्यांच्या ध्यानात आले की जिमचे भाडे, साहित्य आणि पगार प्रामुख्याने या हौशी मुलांच्या फीवर निघतात, मुख्य प्रशिक्षक मात्र दालनाच्या दुसऱ्या टोकाला पाच-सहा मुलींभोवती उभे असतात आणि इकडे पंचवीस मुलांना महाविद्यालयातला एक मुलगा शिट्टीवर नाचवत असतो. "फी भरण्याआधी हौशी बॅचच्या वेळेला जाऊन बसावे आणि आपल्या मुलाची पाळी तासाभरात किती वेळा येते ते मोजावे. रांगेत उभे राहणे हा जिम्नॅस्टिक्सचा प्रकार नाही."

"बसू देत नाहीत," दिलीपराव अभिमानाने म्हणाले. "पालकांना आत पूर्ण मज्जाव. शिस्त म्हणजे शिस्त."

इथे हसणे थांबले. शुभदाताईंनी आवाज न चढवता अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्यावरील लैंगिक शोषणाच्या खटल्याची आठवण करून दिली; २०१८ साली मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया उभ्या राहून बोलल्या, आणि राष्ट्रीय संघाच्या टेक्सासमधील ज्या सराव केंद्रात त्याचा वावर होता तिथेही पालकांना प्रवेश नव्हता. "जिम्नॅस्टिक्समध्ये प्रशिक्षकाला मुलाला हात लावावाच लागतो, आधार दिल्याशिवाय हा खेळ शिकवता येत नाही. म्हणूनच तो हात कुठे आणि कसा लागतो हे कुणालाही, कधीही दिसले पाहिजे. पालकांनी मध्ये बोलू नये हे मला मान्य आहे, पण त्यांना दिसूच नये हे मान्य नाही. मधे काच असू द्या."

"काच जाड असावी," वाघमारे सरांनी सुचवले, "कारण शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीत दिलीपराव असे ओरडले होते की शेजारच्या रांगेतील तीन मुलांचे लिंबू पडले."

दिलीपरावांनी हा आरोप फेटाळला आणि सरांवर उलट हल्ला चढवला, की नववीत अचानक खेळाची गोडी लागलेल्या मुलांना दहावीचे वाढीव क्रीडागुण मिळवून देण्यासाठी कोण धावपळ करत असे. सरांनी तो आरोप फेटाळला नाही. मधल्या मध्ये खेळाडूंसाठीच्या सरकारी नोकरीतील पाच टक्के आरक्षणाचाही हिशेब झाला, आणि इम्रानभाईंनी जिम्नॅस्ट ओक्साना चुसोव्हितिनाचे नाव काढून दिलीपरावांची घाई जराशी कमी केली. ती बाई ३३ व्या वर्षी बीजिंगमध्ये रौप्यपदक घेते आणि ४६ व्या वर्षी टोकियोत आठव्या ऑलिंपिकला उतरते, तर सात वर्षांच्या मुलीला पहिले वर्ष नुसते उड्या मारू द्यायला काय हरकत आहे.

दिलीपराव विचारात पडले. पाहणाऱ्याला वाटावे की मतपरिवर्तन होते आहे. मग त्यांनी अत्यंत सहजपणे विचारले, "इम्रान, तुझा धाकटा जातो ती जिम गारखेड्याकडे ना? तू रोज गाडी घेऊन जातोस? मागची सीट रिकामीच असते म्हणतात."

क्षणभर कुणालाच उलगडा झाला नाही, आणि मग शुभदाताईंना हसू आवरेना. ऑलिंपिक, आगरतळा आणि टेक्सास असा तासाभराचा प्रवास रिक्षाच्या भाड्यावर येऊन थांबला होता. वाघमारे सरांनी दिलीपरावांच्या काटकसरीचे जुने दाखले, लग्नातल्या आहेराच्या पाकिटासकट, काढायला सुरुवात केली.

"मुलीला आनंदाने नेईन," इम्रानभाई म्हणाले, "पण माझी एक अट आहे. तू गाडीत बसायचे नाहीस."

"मग मी तिथे पोहोचणार कसा?"

"तीच तर अट आहे."