वॉरफेरिनमधला ‘वॉर’
वॉरफेरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधावरच्या एका लेखात त्यातला ‘वॉर’ युद्धावरून आल्याचं म्हटलंय, ते चूक आहे. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘वॉर्फ’ होतं. पुढचं ‘आरिन’ हे कुमारिन या वनस्पतींतल्या रसायनाच्या नावाचं शेपूट. कुमारिनचं नाव टोंका बियांच्या झाडावरून पडलं, दक्षिण अमेरिकेतलं ‘कुमारू’.

मूळ भानगड चाऱ्याची. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात स्वीट क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचा ओला राहिलेला, बुरशी धरलेला चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरत. शिंगं कापली तरी रक्त थांबत नसे. ताज्या चाऱ्यातल्या कुमारिनने हे होत नाही, बुरशी त्याचं डायकुमारॉल हे रक्त गोठू न देणारं रसायन करते तेव्हा होतं. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने ते वेगळं काढलं. त्याचाच भाऊबंद वॉरफेरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं, माणसांसाठी १९५४ मध्ये.

वॉरफेरिन अडवतं रक्त गोठायला लागणाऱ्या ‘के’ जीवनसत्त्वाचं काम. तो ‘के’ही ‘कोआग्युलेशन’चा, म्हणजे रक्त गोठण्याचा, डॅनिश-जर्मन स्पेलिंग ‘के’ने सुरू होतं. शरीरात आधीच तयार असलेले रक्त गोठवणारे घटक संपायला वेळ लागतो, म्हणून गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण पाच दिवस जातात. पालक-मेथीत ‘के’ असतं, तरी ती बंद करायची गरज नाही, प्रमाण मात्र रोज सारखं हवं. एकदम वाढवलं तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, घसरतो.