सगळं काही बर्लिनमध्ये नाही

परीकथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंचे सगळे कागद बर्लिनमध्ये ‘सुखरूप’ आहेत, हे तुमच्या त्यांच्यावरच्या लेखातलं विधान खटकलं. परीकथांचं सर्वांत जुनं हस्तलिखित तिथे नाहीच! १८१० साली त्यांनी ते कवी ब्रेंटानोकडे पाठवलं, त्याने परत केलंच नाही. स्वतःकडची टिपणं भावांनी छपाईनंतर ठेवली नाहीत. ब्रेंटानोकडची प्रत पुढे फ्रान्सच्या अल्सास भागातल्या ओलेनबर्ग मठात सापडली. आज ती जिनिव्हाजवळ, बोडमर ग्रंथसंग्रहात आहे.

हे सांगायलाच हवं होतं. त्या प्रतीत हॅन्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीतल्या मुलांना नावंसुद्धा नाहीत, नुसते भाऊ-बहीण. मुलांना रानात सोडायला लावते ती सख्खी आई. सावत्र आई आली थेट १८४०च्या आवृत्तीत. लहानपणी मी मराठीत ऐकली ती सावत्र आईचीच गोष्ट. ब्रेंटानोने कागद वेळेवर परत केले असते, तर तेही बहुधा नष्ट झाले असते.