एका पीलने मुरुमं ‘मुळासकट’? तिथवर पील पोचतच नाही

इन्स्टाग्रामवरून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत आलेला एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. म्हणे, केमिकल पील (चेहऱ्याला अ‍ॅसिड लावून कातडीचा वरचा थर सोलून काढणं) एकदा केलं की मुरुमं मुळासकट जातात, क्रीम-गोळ्या सुटतात, आणि अ‍ॅसिड जितकं स्ट्राँग तितका गुण लवकर. खाली बाटली मागवायची लिंक, अर्थातच.

‘मुळासकट’चं आधी बघू. हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. या चौघांनी मिळून मुरूम होतो. मुरुमांसाठीचं वरवरचं पील यातलं मुख्यतः बूच काढतं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात शिरतं. त्याने ब्लॅकहेड आणि बारीक पुटकुळ्या कमी होतात, हे मान्य. पण पीसीओएसमुळे, म्हणजे बायकांमधल्या हार्मोन्सच्या बिघाडामुळे, हनुवटीवर येणाऱ्या खोल, ठणकणाऱ्या गाठींचं काय? हार्मोन्सना या पीलचा पत्ताही लागत नाही.

‘एकदाच’ही खोटं. साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा बैठका कराव्या लागतात.

क्रीम-गोळ्या सुटतात? अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत शिफारस आहे ती बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीनसारखे रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए-च्या जातीची औषधं), डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, आणि तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन यांची. पीलबद्दल म्हटलंय, शिफारस करण्याइतका पुरावा नाही. म्हणजे पील निरुपयोगी नव्हे, पण ते या औषधांच्या जोडीला करायचं.

आता ‘स्ट्राँग’. यातच खरा घोळ आहे. नुसत्या टक्क्यांवरून ताकद कळत नाही. ५० टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिड कमी पीएचचं (म्हणजे जास्त आम्लधर्मी) असेल तर जास्त पीएचवाल्यापेक्षा बरंच जहाल असतं. शिवाय ग्लायकोलिक आपणहून थांबत नाही. क्लिनिकमध्ये ते लावल्यावर घड्याळ लावतात, चेहऱ्यावर नजर ठेवतात, आणि कुठे जास्त लाल झालं की वेळ संपायची वाट न बघता न्यूट्रलायझर, म्हणजे अ‍ॅसिडचा जोर मारणारं द्रावण, फिरवतात. सॅलिसिलिकचा पातळ थर मात्र काही मिनिटांत वाळून पांढऱ्या भुकटीसारखा दिसू लागतो आणि पुढे फारसा आत जात नाही. आरशासमोर एकट्याने बसून हा फरक सांभाळणार कसा? आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जरा भाजलं की ती मेलॅनिन ओतते. पुटकुळी आठवड्यात बसली असती. तिच्या जागचा काळा डाग महिनोन्‌महिने हलत नाही. मग तो झाकायला मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेलं स्टेरॉइडचं क्रीम, आणि स्टेरॉइडने पुन्हा मुरुमं!

जुलै २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने तीव्र अ‍ॅसिडची पील तज्ज्ञांच्या देखरेखीविना विकत घेऊ किंवा वापरू नका, असा इशारा दिला, तो भाजण्याचा धोका ओळखूनच. गरोदर असाल, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा रात्री रेटिनॉइड लावत असाल, तर पीलआधी डॉक्टरांना ते सांगावं लागतं. लिंकवरची बाटली यातलं काहीच विचारत नाही.