गोठ्याचं सांडपाणी आणि कर्दळ: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘खड्डा खणा, खडी टाका, कर्दळ लावा, गोठ्याच्या पाण्यातला सगळा नत्र (नायट्रोजन) मुळं ओढून घेतात, मग पाणी विहिरीत सोडा’ असा मेसेज मराठवाड्यातल्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. यातली कर्दळ ठीक, बाकीचं धोक्याचं.

झाडं नत्राचा थोडाच वाटा घेतात, आणि तोही कापून बाहेर नेला तरच कमी होतो. खरं काम जिवाणूंचं. आधी, हवा मिळाली तर, सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं. अमोनियाच्या रूपातल्या 1 ग्रॅम नत्राला सुमारे 4.6 ग्रॅम प्राणवायू लागतो. मग हवा नसलेल्या जागी, कर्ब (कार्बन) मिळाला तर, नायट्रेटचा नत्रवायू होऊन उडून जातो. कायम तुंबलेल्या एकाच खड्ड्यात पहिला टप्पाच अडतो. म्हणून आधी शेण खाली बसायला टाकी (नाहीतर खडी चोंदते), मग वरून थांबून-थांबून पाणी सोडायचा खडीचा वाफा, शेवटी पाण्याने भरलेला आडवा वाफा, साधारण 60 सेंमी खोल. तळाला शेततळ्याचा प्लास्टिक कागद हवाच; आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी खाली उतरतं.

विहिरीत तर सोडूच नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यापुढे तान्ह्या बाळांना धोका. वाफ्यातून बाहेर पडलेलं पाणी चारापिकाला द्या. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.