फोवाल्या मावशी हसत नाहीत

परवा आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या मराठी ग्रुपवर एकाने सॅन होजेच्या एका व्हिएतनामी हॉटेलाबद्दल लिहिलं. "जेवण बरं आहे, पण सर्व्हिस एकदम थर्ड क्लास. बाई हसत नाही, पाण्याचे ग्लास आपटते, ऑर्डर घेताना वर बघत नाही, टेबल चिकट, आणि आता एका बाउलचे चक्क १६ डॉलर!" खाली धडाधड अंगठे. मीही उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की शेवटी इथे आणून टाकतेय. हॉटेलचं नाव सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना "चिकट टेबल" वरून कळलंच असेल.

त्या बाईंना मी पंधरा वर्षं ओळखते. ओळखते म्हणजे काय, त्यांचं नाव मला माहीत नाही आणि माझं त्यांना. आमच्या घरात त्या "फोवाल्या मावशी" (फो म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवयांचा व्हिएतनामी वाडगा). मावशींच्या लेखी मी "फोर्टीन", कारण मी कायम १४ नंबरच मागवते. मेन्यूत सव्वाशेच्या आसपास पदार्थ आहेत, सगळे नंबराने. व्हिएतनामी नावं वाचता आली नाहीत तरी कोणी उपाशी राहत नाही.

आणि हसत नाहीत, हे शंभर टक्के खरं आहे.

२०१० साली मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर, इथे आले. तेव्हा एच-४ वाल्यांना नोकरी करायची परवानगीच नव्हती. एक पगार, त्यातला अर्धा भाड्यात, आणि बाहेर जेवायची हौस मात्र पुण्यातल्या सवयीची. तेव्हा स्टोरी रोडवर हे हॉटेल सापडलं. सात डॉलरला एवढा मोठा वाडगा, की मी त्यातलं निम्मं डब्यात भरून आणायचे आणि रात्री परत गरम करायचे. (शेवया फुगून त्याचा लगदा होतो. करू नका.)

आधी उच्चाराचं सांगते, कारण त्यावरून फार हसं होतं. आपण सगळे "फो" म्हणतो, मीही म्हणते. पण तो स्वर ओ नाहीच, आपला अ आहे. फणसातला फ घ्या (पण इंग्रजी f सारखा), जरा लांबवा आणि शेवटी "काय?" विचारल्यासारखा वर न्या. झालं. अमेरिकन लोक यासाठी यूट्यूब बघतात, आपल्याला बाराखडीत फुकट मिळालंय.

पहिल्यांदा गेले तेव्हा माझी शोभा झाली होती. वाडगा समोर आला, टेबलावर हॉयसिन या गोडसर काळपट सॉसची आणि कोंबडा छाप लाल सॉसची बाटली होती, मी दोन्ही भसाभस पिळले. चवही न घेता! शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा माझ्याकडे असे बघत होते, की मी वरणभातावर शेजवान चटणी ओतली असावी. तो रस्सा कुणीतरी आदल्या दिवसापासून उकळवलेला असतो, निदान एक घोट तरी तसाच घ्यावा, एवढी अक्कल मला नंतर आली.

त्या लाल सॉसचीही गंमत आहे. श्रीराचा हे नाव थायलंडमधल्या गावाचं, बाटली कॅलिफोर्नियाची, आणि ती बनवणारा डेव्हिड ट्रॅन हा व्हिएतनाममधून आलेला निर्वासित. १९७८ च्या डिसेंबरात तो 'ह्युए फाँग' नावाच्या मालवाहू जहाजातून निघाला, आणि १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सॉसचा धंदा काढला तेव्हा त्याला त्या जहाजाचंच नाव दिलं. जन्म कोंबड्याच्या वर्षातला, म्हणून बाटलीवर कोंबडा.

आता तो रस्सा. हाडं आधी एकदा उकळून ते पाणी फेकून द्यायचं, हाडं धुऊन परत नव्या पाण्यात टाकायची. कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजायचं (आमच्या कोकणात वाटणाचा कांदा चुलीत भाजतात, तसाच वास). चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे. म्हणजे गोड्या मसाल्याचा अर्धा डबा. थोडी खडीसाखर, आणि नुअक माम, म्हणजे मासळी आणि मीठ वर्षभर मुरवून काढलेलं पाणी. त्याच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या घरातली सुकटीची बरणी उघडून बघावी. मग आठ-दहा तास मंद आचेवर, वर येणारा फेस काढत राहायचा. खळखळ उकळी आली की रस्सा गढूळ झाला.

ग्राहक आला की मात्र काहीच करायचं नसतं. शेवया गरम पाण्यात काही सेकंद बुडवायच्या, वर मांस, कांद्याची पात, कोथिंबीर आणि रस्सा. तीन मिनिटांत वाडगा टेबलावर. स्वस्ताईचं गणित इथे आहे: सगळी मेहनत रात्रीच उरकलेली, दिवसा फक्त वाढायचं. आपली मिसळ दुसरं काय असते? कट तयार, उसळ तयार, फरसाण तयार. आणि मिसळीसारखंच, शेवटची चव गिऱ्हाईकाने स्वतः जुळवायची. ताटलीत मोड आलेले मूग, लिंबू, मिरचीच्या चकत्या आणि जांभळ्या देठाची तुळस येते. तुळस म्हणजे आपल्या सब्जाची सख्खी बहीण. जाणकार लोक तर "नुअक बेओ" मागतात. रश्श्यावरची चरबी, कांद्याच्या पातीसकट, वेगळ्या वाटीत. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतच उडी मारली. अहो, ही तर्री आहे!

(मी बीफ खात नाही. १४ नंबर म्हणजे फो गा, कोंबडीचा. इथे त्याचं पातेलं वेगळं असतं, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सगळीकडे असतंच असं नाही, काही ठिकाणी रस्सा बीफचाच आणि वर फक्त कोंबडी, तेव्हा विचारून घ्या. शाकाहारी मंडळींनी "चाय" हा शब्द पाठ करावा. चहा नव्हे, चाय म्हणजे सात्त्विक, बौद्ध पद्धतीचं बिनमांसाचं. त्यांच्याकडे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पुष्कळ जण चायच खातात, त्यामुळे असल्या खाण्याला तिथे कोणी विचित्र समजत नाही.)

बरं, मोड आलेले मूग आणि तुळस हेही मुळातलं नव्हे. फो उत्तरेचा, हनोई आणि नाम दिन्हकडचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. फ्रेंचांच्या राज्यात गोमांस खाणं वाढलं, हाडं उरायला लागली, त्यातून हा रस्सा आला म्हणतात. हनोईत तो अजूनही साधा सुटसुटीत असतो. १९५४ साली देशाची फाळणी झाली, आठ-दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत आले, आणि फो त्यांच्याबरोबर दक्षिणेच्या राजधानीत, सैगॉनला आला. दक्षिणेच्या लोकांना सगळ्यात पालापाचोळा आणि गोड लागतं, त्यांनी ही ताटली जोडली. ३० एप्रिल १९७५ ला सैगॉन उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडलं, आणि तीच ताटली बोटीतून, छावण्यांतून फिरत कॅलिफोर्नियाला आली. आज सॅन होजेत लाखाहून जास्त व्हिएतनामी आहेत, दर दहा माणसांत एक. व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात इतके नाहीत. मावशींच्या काउंटरमागे पिवळ्यावर तीन लाल पट्टे असलेला, जुन्या दक्षिण व्हिएतनामचा झेंडा आहे. तो देश नकाशावर नाही, झेंडा आहे. २००७ साली स्टोरी रोडच्या या भागाला नगरपालिकेने 'सैगॉन बिझनेस डिस्ट्रिक्ट' नाव द्यायचं ठरवलं, लोकांना 'लिटल सैगॉन'च हवं होतं. मोर्चे, उपोषण, सगळं झालं आणि २००८ मध्ये ठराव मागे घ्यावा लागला. नावासाठी माणसं एवढी का पेटतात हे निदान मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

सर्व्हिसबद्दल. व्हिएतनामी भाषेत रोजच्या बोलण्यात मी-तू जवळजवळ नसतंच, नात्याचे शब्द असतात. दादा, ताई, धाकटं भावंड, काकू, आजोबा. वाढणाऱ्याला हाक मारायची तर "एम अय!", म्हणजे "ए धाकट्या!" आणि तेही चांगलं खणखणीत, पलीकडच्या टेबलाला ऐकू जाईल असं. तिथे कोणी तुमच्याजवळ येऊन "हाय, मी अमुक, आज मी तुमची काळजी घेणार" म्हणत नाही. तुम्ही घरचे आहात, हवं असेल तर ओरडा. जेवण झालं की उठून काउंटरवर टेबल नंबर सांगायचा आणि पैसे द्यायचे. काउंटरखाली जमिनीवर लाल देव्हारा आहे, त्यात संत्री, उदबत्त्या आणि धनदेवतेसाठी एक कप कॉफी. देवाला कॉफी! मला तो देव फार आवडतो.

आपल्याकडच्या जुन्या खानावळीत कोणी हसून आमटी वाढत होतं का? "भात?" एवढंच विचारायचे, आणि आपण हात आडवा केला नाही की पडलाच भात. त्याला आपण आज "आपुलकी" म्हणतो. तेच मावशींनी केलं की "रूड".

२०१७ साली आई सहा महिन्यांसाठी चिपळूणहून आली होती. तिला तिथे नेलं. आधी मेन्यूवरचा आकडा बघून रुपयांत हिशेब, मग "एवढ्यात घरी चार दिवस जेवण होतं". तिच्यासाठी कान चुआ मागवलं. चिंच, अननस, टोमॅटो, भेंडी आणि मासा घालून केलेलं आंबट कालवण. मासा कॅटफिश, म्हणजे आपला शिंगाळा ज्या जातीचा त्यातला, त्यामुळे तिने सुरमई नाही म्हणून आधीच तोंड वाकडं केलेलं. मग चमच्यात एक हिरवट, जाळीदार, स्पंजसारखा तुकडा आला. तिने तो उजेडात धरला, चावला आणि म्हणाली, "अगं, हे अळूचं देठ."

मी म्हटलं, असं कसं असेल. तिने मला उडवून लावलं आणि मावशींनाच हात केला. तुकडा दाखवला, मग बोटाने स्वतःचा गळा खाजवून दाखवला. खवखवत नाही ना? मावशी काही न बोलता आत गेल्या. मला वाटलं चिडल्या. तर हातात हातभर लांब कच्चं देठ घेऊन आल्या, नखाने त्याची साल वरून खालपर्यंत सोलून काढली, मग मीठ टाकल्याची चिमूट आणि दोन्ही मुठींनी पिळल्याची खूण केली. आईने मान डोलावली. मावशी देठ घेऊन परत आत. दोघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, परीक्षक आणि परीक्षार्थी असल्यासारख्या होत्या, फक्त कोण कोण ते कळलं नाही. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "मीठ जास्त होतं. पण बाई कामाची आहे."

पुढच्या वेळी तिने कम तम खाल्लं, म्हणजे तुकडा तांदळाचा भात. भात भरडताना पडणारी कणी, जी पूर्वी विकली जायची नाही म्हणून गरीब घरात शिजायची, आणि आता सैगॉनची शान आहे. आमच्या आजीकडेही चांगला तांदूळ बाजारात आणि कणी घरात. आईला त्या ताटाचे १० डॉलर दिलेले अजून पटलेले नाहीत. "कण्यांचे पैसे?"

आईचं ठीक आहे, तिला माफ. पण आपल्याला हे १६ डॉलर का खुपतात, हा माझा खरा मुद्दा. सॅन होजेत किमान वेतन २०१३ साली ८ वरून १० डॉलर झालं. २०२५ मध्ये ते ताशी १७.९५ होतं. आपले पगार वाढले तेव्हा आपण पार्टी दिली, भांडी घासणाऱ्या मुलाचा वाढला तर वाडगा महाग झाला म्हणून पोस्ट लिहितो. पैसेवाल्यांच्या पालो आल्टो गावात चिमुकल्या वाटीतलं फ्रेंच ओनियन सूप आपण १८ डॉलरला गपचूप पितो. त्यात कांदाच असतो हो. म्हणजे अडचण १६ ची नाही. काही लोकांचं जेवण स्वस्तच असलं पाहिजे असं आपण मनात धरलंय, आणि ते स्वस्त असूनही त्यांनी आपल्याकडे बघून हसलं पाहिजे. आपल्याच पोळ्या लाटून देणाऱ्या काकूंनी डझनामागे एक डॉलर वाढवला की ग्रुपवर काय चर्चा होते, ती मी वाचलेली आहे. नावं घेत नाही.

टेबल चिकट असतं हे मात्र कबूल. मी जाताना ओले टिश्यू नेते. एसी नाही, टीव्हीवरची गाणी भयंकर मोठ्याने असतात, आणि एकदा माझ्या वाडग्यात रबरबँड निघाला होता. पातीच्या जुडीचा असणार. मावशींना दाखवला, त्यांनी उचलून मनगटात घातला आणि नवीन वाडगा आणून ठेवला. सॉरी नाही, काही नाही. वाडगा मात्र आधीच्याहून भरलेला.

गेल्या रविवारी, त्या पोस्टनंतर, मुद्दाम गेले. मेन्यूवर किमतीच्या जागी पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर पेनाने १६. कडा जरा सुटलेली होती, नखाने उचलून बघितली. खाली १४.५०, त्याखाली १२.९५, त्याखाली आणखी एक थर. मी अजून खरवडत होते, तेवढ्यात मावशी आल्या आणि माझ्या हातातून मेन्यू काढून घेतला.

"फोर्टीन?"

"फोर्टीन."